पाहिले की ऐकले?

२२ जानेवारी २०२५ रोजी सायंकाळी पाचोऱ्याजवळ, माहेजी आणि परधाडे या स्थानकांच्या दरम्यान, लखनौहून मुंबईकडे निघालेली पुष्पक एक्सप्रेस थांबली. डब्यात आग लागल्याची आवई उठली होती. कोणीतरी साखळी ओढली, भयभीत प्रवासी खाली उतरले आणि काही जण शेजारच्या रुळांवर आले. त्याच रुळांवरून दिल्लीकडे जाणारी कर्नाटक एक्सप्रेस भरधाव आली. किमान १२ जणांचा बळी गेला. गाडीला आग लागलेली नव्हती.

‘आग’ हा शब्द पुढे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात दुष्टावा नसणार. शेजाऱ्याला सावध करावे, एवढाच त्यांचा हेतू असेल. मात्र ज्याने केवळ ऐकले होते, त्याने ते पाहिल्यासारखे सांगितले, आणि डब्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत तर्काची खात्री झाली.

खानदेशाने हे यापूर्वीही भोगले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. तशा टोळ्या फिरत असल्याच्या अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून सर्वत्र पसरल्या होत्या. तो संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी राईनपाडा कधी पाहिलेही नसेल.

श्रावकाच्या सत्य अणुव्रताचा एक अतिचार आहे सहसाभ्याख्यान, म्हणजे विचार न करता एकाएकी कोणावर दोष ठेवणे. येथे दुष्ट हेतू असलाच पाहिजे असे नाही. अविचार पुरेसा आहे. ‘मी फक्त पुढे पाठवले’ हे तरुणांचे नेहमीचे उत्तर या कसोटीवर टिकत नाही.

व्यापारी घरातील मुलांना ही गोष्ट समजावणे अवघड नाही. दुकानात माल आला की तो मोजून, तोलून, बिलाशी ताडून मगच उतरवून घेतला जातो. पोत्यावरच्या छापावर कोणी विसंबत नाही. कानावर आलेल्या गोष्टीलाही हाच नियम लावायला शिकवावे. मूल काही सांगू लागले की शांतपणे विचारावे, ‘तू पाहिलेस की ऐकलेस?’ ऐकले असेल तर कोणाकडून, आणि ज्याच्याविषयी ते आहे त्याच्या समोर हे बोलता येईल का? वर्गमित्राच्या चोरीची वार्ता, एखाद्या पेढीचे दिवाळे निघाल्याची कुजबुज, ठरत आलेल्या सोयरिकीविषयीची शंका, या साऱ्या गोष्टी या तीन प्रश्नांपाशीच थांबू शकतात. पत उभी करायला दोन पिढ्या लागतात आणि ती मोडायला एक संध्याकाळ पुरते, हे बाजारपेठेत वाढलेल्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

याचा अर्थ मुलांना मुके करावे असा नव्हे. धूर दिसला तर ओरडलेच पाहिजे. परंतु ‘धूर दिसतो आहे’ असे म्हणावे, ‘गाडी पेटली’ असे नव्हे. भाषा समिती हा मुनींचा आचार असला, तरी तोलून बोलण्याचा तिचा संस्कार घरातही रुजू शकतो.

चूक झालीच, तर ती केवळ मनात मान्य करून भागत नाही. वहीतील चुकीची नोंद खोडून चालत नाही, दुरुस्तीची नोंद करावी लागते. मुलाने चुकीची गोष्ट ज्या दहा जणांना सांगितली, त्या दहाही जणांना ती खरी नव्हती हे त्यानेच जाऊन सांगावे. ज्याचे नाव घेतले, त्याच्याकडे प्रथम जावे. संवत्सरीला सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणणाऱ्या ओठांना त्या एका दारात ते म्हणणे सर्वांत जड जाते, आणि त्याचे मोल तिथेच असते.

हे सारे शिकवताना वडीलधाऱ्यांनी एका गोष्टीचे भान ठेवावे. वसुलीचा फोन आला की, ‘सांग, पप्पा बाहेरगावी गेलेत,’ असे ज्या घरात मुलाकडून वदवून घेतले जाते, त्या घरात पुढचा कोणताही उपदेश उमटत नाही.