एक्सप्लेनर: बाळंतपण दवाखान्यात होतं, मग पहिली तपासणी उशिरा का? गरोदरपणात कधी, काय तपासतात?

'तीन महिने कुणाला सांगायचं नाही' हा नियम नातेवाइकांपुरता ठेवा. आशाताई आणि डॉक्टरांना तो लावू नका. पहिल्या १२ आठवड्यांत काय तपासतात, पुढे कधी जायचं आणि कोणती लक्षणं दिसली की वाट पाहायची नाही? वाचा सविस्तर.

घरात गोड बातमी कळली की पहिली सूचना बहुतेक ठिकाणी एकच असते: इतक्यात कुणाला बोलू नका. दृष्ट लागू नये, काही कमी-जास्त झालं तर चार जणांना उत्तरं द्यावी लागू नयेत, ही त्यामागची काळजी समजण्यासारखी आहे. पण या लपवालपवीत दवाखान्यात नाव घालणंही पुढे ढकललं जातं, तेव्हा नुकसान होतं ते आईचं आणि बाळाचं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतले (२०१९-२१) आकडे हेच सांगतात. महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणं रुग्णालयात होतात. पण पहिल्या तीन महिन्यांत तपासणी झालेल्या माता दहापैकी साधारण सातच. किमान चार वेळा तपासणी झालेल्यांचं प्रमाणही तेवढंच. म्हणजे बाळंतपणासाठी दवाखाना गाठायचा हे आपण शिकलो. सुरुवातीलाच गाठायचा, हे अजून अंगवळणी पडलेलं नाही.

पहिल्या १२ आठवड्यांना एवढं महत्त्व का?

कारण पुढचा प्रत्येक आकडा पहिल्या आकड्याशी ताडून पाहायचा असतो.

बीपीचंच घ्या. गरोदरपणाच्या मधल्या काळात बीपी सहसा थोडं खाली येतं आणि शेवटी पुन्हा चढतं. एखादी महिला पहिल्यांदा सातव्या महिन्यात आली आणि बीपी १५०/१०० निघालं, तर ते आधीपासूनच होतं की गरोदरपणामुळे वाढलं, हे डॉक्टरांना कळणार कसं? दोन्हींचे उपचार आणि धोके सारखे नसतात. दुसऱ्या महिन्यात ११०/७० अशी नोंद असेल तर उत्तर लगेच मिळतं.

बाळंतपणाच्या तारखेचंही तसंच. पाळीची शेवटची तारीख नक्की आठवत नसेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून काढलेला अंदाज काही दिवसांनीच इकडे-तिकडे होतो. शेवटच्या महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीत हीच चूक दोन-तीन आठवड्यांची होऊ शकते. मग 'दिवस भरले की नाही' हा साधा प्रश्नही अवघड होऊन बसतो.

काही गोष्टी तर त्याहून घाईच्या असतात. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून तयार होतो, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. त्यात दोष राहू नये म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी देतात. मूल हवं असं ठरवतानाच ती सुरू करणं उत्तम; निदान पाळी चुकल्यावर तरी थांबू नये.

पहिल्या भेटीत काय होतं?

सरकारी दवाखान्यात आधी नोंदणी होते आणि माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. मग वजन, उंची आणि बीपी मोजतात. रक्त आणि लघवी तपासतात. रक्ताच्या तपासणीत पुढच्या गोष्टी पाहतात:

- हिमोग्लोबिन: ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय, ७ पेक्षा कमी असेल तर तीव्र रक्तक्षय.
- रक्तगट: आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तर साधारण २८व्या आठवड्यात 'अँटी-डी' इंजेक्शनची गरज पडू शकते. बाळ पॉझिटिव्ह असेल तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत ते पुन्हा देतात.
- एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी: वेळेत कळलं तर बाळाला होणारा संसर्ग बहुतांश वेळा टाळता येतो.
- शुगर: याबद्दल पुढे.

या भेटीत डॉक्टर प्रश्नही बरेच विचारतात. आधीचं सिझेरियन, गर्भपात, थायरॉइड, फिट्स, सुरू असलेल्या गोळ्या, यातलं काहीही लपवू नका. सासूबाईंसमोर बोलणं अवघड वाटत असेल तर 'मला एकटीला बोलायचं आहे' असं स्पष्ट सांगा. तो तुमचा हक्क आहे.

मग पुढे कधी जायचं?

सरकारी कार्यक्रमानुसार किमान चार भेटी ठरलेल्या आहेत: पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६, तिसरी २८ ते ३४ आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये आठ भेटींची शिफारस केली आहे. म्हणून चार हा आकडा 'झालं एकदाचं' म्हणण्यासाठी नाही. त्याहून कमी नको, एवढाच त्याचा अर्थ.

दर महिन्याची ९ तारीख लक्षात ठेवा. २०१६ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात या दिवशी सरकारी रुग्णालयांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर महिलांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते.

शुगरची तपासणी आधी शुगर नसली तरी का?

गरोदरपणात तयार होणाऱ्या हार्मोन्समुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. त्यामुळे आधी कधीच शुगर नसलेल्या महिलेचीही ती वाढू शकते आणि बहुतेकदा काहीच त्रास जाणवत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर उपचार सुरू होतात. सुरुवात सहसा आहार आणि चालण्यापासून. सरकारी पद्धतीत या तपासणीसाठी उपाशीपोटी यावं लागत नाही. पहिल्या भेटीत निकाल नॉर्मल आला तरी २४ ते २८ आठवड्यांत ती पुन्हा करायची असते.

सोनोग्राफी किती वेळा?

दोन वेळा विशेष महत्त्वाच्या. पहिली ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान, दुसरी १८ ते २० आठवड्यांत. दुसऱ्या सोनोग्राफीत बाळाचं हृदय, मेंदू, मणका, किडनी असे अवयव बारकाईने पाहतात. ती लांबवू नका. गंभीर व्यंग आढळलं तर पुढच्या तपासण्या आणि निर्णय यांना वेळ लागतो. २०२१ च्या सुधारित कायद्यानुसार २४ आठवड्यांनंतर अशा कारणासाठी गर्भपात करायचा तर वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते.

'मुलगा की मुलगी' हे विचारणं आणि सांगणं, दोन्ही गुन्हे आहेत. यासाठी १९८८ मध्ये कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य होतं. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला.

गोळ्या कोणत्या आणि कशा घ्यायच्या?

चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी रोज एक, किमान १८० दिवस. कॅल्शियमच्या रोज दोन. दोन्ही एकत्र घेऊ नका. मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी चहा किंवा दुधासोबतही नको, लिंबूपाण्यासोबत चालेल. शौचाला काळी होते म्हणून घाबरून गोळी बंद करू नका, ते लोहामुळे होतं. मळमळ फारच होत असेल तर रात्री झोपताना घेऊन पाहा आणि आशाताईंना सांगा. धनुर्वात आणि घटसर्पापासून संरक्षण देणारी टीडी लस चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा दिली जाते.

माहेरी जाताना काय न्यायचं?

पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी जायची आपल्याकडे रीत आहे. डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते, साड्या बॅगेत जातात आणि फाइल सासरच्या कपाटात राहते. तिकडचे डॉक्टर मग कोऱ्या कागदापासून सुरुवात करतात, तीही सर्वांत जोखमीच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत. ऊसतोडीला किंवा बांधकामावर दुसऱ्या जिल्ह्यात जाणाऱ्या कुटुंबांतही हेच होतं. कार्ड आणि सगळे रिपोर्ट सोबत न्या. शिवाय प्रत्येक पानाचा फोटो तुमच्या आणि नवऱ्याच्या मोबाइलमध्ये ठेवा. नव्या गावात पोहोचल्यावर आठवडाभरात तिथल्या आशाताईंना भेटा.

ही लक्षणं दिसली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका

- अंगावरून रक्त जाणं किंवा पाणी जाणं
- तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज
- फिट येणं
- पोटात असह्य दुखणं, जास्त ताप, धाप लागणं
- बाळाची हालचाल कमी होणं किंवा थांबणं

यातलं काहीही झालं तर १०८ वर फोन करा आणि रुग्णालय गाठा. 'सकाळी बघू' हा निर्णय घरच्यांनी घेऊ नये.

खर्चाचं काय?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि ये-जा मोफत आहे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र महिलांना पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, तर दुसरी मुलगी झाली तर ६,०००. पहिला हप्ता वेळेत नोंदणी आणि तपासणी झाल्यावरच मिळतो.

जबाबदारी एकट्या तिची नाही

हे सगळं वाचून 'बायकांनी वेळेत जायला हवं' असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. पण रोजंदारीवर काम करणाऱ्या महिलेला प्रत्येक भेट एका दिवसाच्या मजुरीला पडते. सोनोग्राफीसाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागलं तर एसटीचं भाडं वेगळं. घरी सांगितल्याशिवाय बाहेर पडता येत नसेल तर पाळी चुकल्याचं तिला कळूनही उपयोग नाही. रुग्णालयातल्या बाळंतपणांचा आकडा सरकार अभिमानाने सांगतं. पहिल्या १२ आठवड्यांत किती जणींची तपासणी झाली, हा आकडाही तालुक्या-तालुक्यात तेवढ्याच ठळकपणे विचारला गेला पाहिजे. जिथे सोनोग्राफी दूर आहे, तिथे ये-जा करायची सोय आधी व्हायला हवी.

आणि घरातल्या पुरुषांसाठी एकच काम: पहिल्या भेटीला सोबत जा, कार्डावरचे आकडे समजून घ्या, पुढची तारीख स्वतःच्या मोबाइलमध्ये टाका. पेढे तीन महिन्यांनी वाटले तरी चालतील. दवाखान्यात नाव मात्र याच आठवड्यात घाला.