झडती

सानपाड्याहून कुर्ल्यास गाडी बदलून करी रोडला उतरावे आणि जुन्या गिरणीच्या जागी उभे राहिलेले नवे वैभव एकदा डोळ्यांखालून घालावे, असा हट्ट आमच्या चिरंजीवांनी धरला, आणि मीही गेल्या रविवारी, चुलत्यांना म्हणजे नानांना बरोबर घेऊन, तो पुरवला. वाचकांस नाना ठाऊक आहेतच. साच्यांच्या खडखडाटात तारुण्य गेल्यामुळे कानगोष्टही चार घरांना ऐकू जाईल अशी करणारे ते हेच.

इतिहास थोडक्यात उरकतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे पालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे ठरवले, २००१ च्या दुरुस्तीने ते केवळ मोकळ्या जागेपुरते उरले, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तीच दुरुस्ती कायम केली. नानांचा हिशेब मात्र कोणत्याच वाट्यात बसला नाही. त्याचे दफ्तर अद्याप माळ्यावर आहे.

प्रवेशद्वारी पहारेकऱ्याने नानांच्या चंचीची झडती घेतली आणि आतून अडकित्ता काढला. आजोबांनी चिपळूणच्या बाजारात घेतलेला, पितळी, दांड्यावरचा मोर अंगठ्याखाली झिजून केवळ कोंबडीएवढा उरलेला, आणि आयुष्यात सुपारीखेरीज कशालाही न दुखावलेला हा ऐवज शस्त्र ठरून जप्त झाला, व त्याच्या बदल्यात सत्तेचाळीस क्रमांकाचा बिल्ला नानांच्या हाती आला. "आमच्या वेळी झडती बाहेर पडताना घेत, कमरेला सूत लावून नेऊ नये म्हणून," नाना म्हणाले, आणि ते अर्ध्या आवाराने ऐकले. "आत यायला कोणी अडवत नसे."

आत चिरंजीव चिमणीखाली छायाचित्रे काढीत राहिले. नानांनी मात्र त्या चिमणीपासून पावले मोजली, दोनदा चुकले, पुन्हा आरंभ केला, आणि अखेर एका पादत्राणांच्या दुकानात शिरून, गिऱ्हाइकांस बूट चढवण्यासाठी ठेवलेल्या चौरंगावर हात टेकून, आपला साचा येथेच होता असा निर्वाळा दिला. विक्रेत्याने अत्यंत अदबीने त्यांच्या पायाचे माप विचारले. त्यानंतरच्या चहाच्या दराविषयी मी लिहीत नाही. गृहमंत्री हे सदर वाचतात.

परतीच्या गाडीत, मानखुर्द सोडून गाडी खाडीपुलावर आली, तेव्हा नानांनी सवयीने चंचीत हात घातला. बिल्ला निघाला.

मी लगबगीने परत जाण्याची भाषा केली. नानांनी अखंड सुपारी तोंडात टाकली आणि डब्यातल्या सर्वांस ऐकू जाईल अशा स्वरात सांगितले, "असू दे. दफ्तरात लिहून ठेव, गिरणीकडे आणखी एक येणं झालं."