पहिला दिवस टाळ्यांचा, दुसरा दिवस कसोटीचा



आपल्या घरांत धावणे म्हणजे भरतीची तयारी, एवढेच आजवर समीकरण होते. पोलीस भरती निघाली की पोरे पहाटे मैदानावर जायची आणि भरती झाली की धावणे बंद. आता मात्र नोकरीला लागलेली, लग्न झालेली, पोरेबाळे असलेली माणसेही रविवारी पहाटे पेपरवाल्याच्या आधी रस्त्यावर दिसतात. पुण्यात १९८३ पासून आणि मुंबईत २००४ पासून मोठी मॅरेथॉन होते आहे. ती आधी दुरून पाहणारे पुढे स्वतः त्यात उतरले. धावून त्यांना पैसा मिळत नाही की बढती मिळत नाही. ते धावतात हौसेने. म्हणूनच त्यांना हौशी धावपटू म्हणायचे.

अशाच एका हौशी धावपटूच्या आईचे पत्र आमच्याकडे आले आहे. मुलगा गोदामात कंत्राटावर कामाला आहे. आजवर चार मॅरेथॉन पुऱ्या केल्या. आता म्हणतो, येत्या हिवाळ्यात शनिवारी एका गावात ४२ किलोमीटर धावणार आणि रविवारी दुसऱ्या गावात पुन्हा ४२. माऊली लिहिते, "याचे वडील पन्नाशीतच छातीत कळ येऊन गेले. घरात कमावता हा एकटा. सोमवारी खाडा झाला तर पगार कापतात. त्याला अडवू की जाऊ देऊ?"

प्रश्न एका घरातला असला तरी तो पुष्कळ घरांचा आहे. म्हणून उत्तर या सदरातूनच देत आहोत.

प्रथम हे लक्षात घ्या की मॅरेथॉन हा काही फक्त श्रीमंतांचा षोक नाही. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक झाले, तेव्हा मॅरेथॉन जिंकणारा स्पिरिडॉन लुई हा पाणी वाहून नेऊन विकणारा माणूस होता. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक सोळाव्या वर्षी बाटाच्या बुटांच्या कारखान्यात कामाला लागला होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने आधी दहा हजार मीटर, मग पाच हजार मीटर आणि शेवटी आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन, अशी तीन सुवर्णपदके आठ दिवसांत घेतली. मेहनतीच्या माणसाला हे अंतर परके नाही. परंतु हेही पाहा, पाच हजार मीटरची शर्यत झाली २४ जुलैला आणि मॅरेथॉन २७ ला. मध्ये दोन दिवस विसावा होता. आपला चिरंजीव एक रात्रही पुरती मागत नाही!

ही एक रात्र का पुरत नाही, ते नीट समजून घेऊ.

मॅरेथॉनचे अंतर आहे ४२ किलोमीटर १९५ मीटर. साठ किलो वजनाच्या माणसाला एवढे धावायला साधारण अडीच हजार कॅलरी लागतात. बैठे काम करणारा माणूस दिवसभरात खातो त्याहून हे जास्त आहे. आपण खाल्लेल्या भात-भाकरीची साखर शरीर स्नायूंत आणि यकृतात साठवून ठेवते. पण ही कोठी लहान असते. तिच्यात दीड ते दोन हजार कॅलरींचाच माल मावतो. म्हणून तीस-बत्तीस किलोमीटरच्या पुढे चांगल्या चांगल्यांचे पाय शिशासारखे जड होतात. रिकामी झालेली कोठी पुन्हा भरायला भरपूर खाऊन आणि विश्रांती घेऊनही किमान चोवीस तास लागतात. मॅरेथॉननंतर स्नायू दुखावलेले असतात, तेव्हा त्याहूनही जास्त. आता हिशेब करा. शनिवारी सकाळी साडेदहाला शर्यत संपली आणि रविवारी पहाटे पाचला दुसरी सुरू झाली तर हातात तास उरतात साडेअठरा. त्यातच प्रवास, आंघोळ, जेवण आणि झोप. म्हणजे दुसऱ्या दिवशीचा धावपटू अर्ध्या कोठीवर निघतो.

दुसरी गोष्ट स्नायूंची. लांब धावल्यावर स्नायूंच्या धाग्यांना बारीक बारीक चिरा पडतात. त्यांचे दुखणे लगेच टिपेला पोचत नाही, ते साधारण एक ते तीन दिवसांत चढत जाते. मॅरेथॉन केलेला माणूस दोन दिवसांनी चाळीचा जिना कठड्याला धरून उलटा उतरताना आपण पाहिला असेल. यातली फसवणूक अशी की, रविवारी पहाटे पाय त्यामानाने बरे वाटतात. पोरगा म्हणतो, "काही नाही झालं, पळतो!" पण खरे बिल सोमवारी-मंगळवारी यायचे असते, आणि सोमवारी गोदामात खोकी उचलायची असतात.

मग हे कोणी करतच नाही का? करतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा धावणे म्हणजे काय, हे जगाला ज्याने दाखवले त्या टेरी फॉक्सची हकीकत आपल्या मुलांना जरूर सांगा.

टेरी हा कॅनडातला मुलगा. १९७७ साली, अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याने एका लेखात वाचले की, डिक ट्रॉम नावाच्या एक पाय नसलेल्या माणसाने न्यूयॉर्कची मॅरेथॉन पुरी केली. रुग्णालयात त्याने शेजारच्या खाटांवरची कर्करोगाची रुग्ण मुले पाहिली. आणि ठरवले, कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसा उभा करायचा आणि त्यासाठी कॅनडा देश पूर्वेकडून पश्चिमेकडे धावत ओलांडायचा. १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंड बेटावरच्या सेंट जॉन्स गावातून तो निघाला. एक पाय स्वतःचा, एक कृत्रिम. सुरुवातीलाच वारा, पाऊस आणि बर्फ. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, आणि अशी १४३ दिवस! एकूण ५,३७३ किलोमीटर.

या हकीकतीत आपण नेमके काय पाहायचे? जिद्द तर आहेच. पण तिच्यामागे दोन गोष्टी आहेत, त्या कौतुकाच्या भरात मागे राहतात. पहिली म्हणजे तयारी. निघण्याआधी वर्षभराहून अधिक काळ टेरीने सराव केला आणि त्या सरावातच सुमारे पाच हजार किलोमीटर अंतर कापले. १९७९ मध्ये सत्तावीस किलोमीटरच्या एका शर्यतीत तो सर्वांत शेवटी आला, आणि तरीही समाधानाने घरी गेला. दुसरी गोष्ट म्हणजे माणसे. त्याचा मित्र डग अल्वर्ड गाडी घेऊन बरोबर होता. गाडी चालवणे, पाणी देणे, जेवण करणे ही कामे त्याने केली. पुढे टेरीचा भाऊही येऊन मिळाला. धावला टेरी, पण दुसऱ्या दिवशी त्याला उभे केले ते या माणसांनी.

आणखी एक गोष्ट कडू असली तरी सांगितली पाहिजे. वाटेत टेरीच्या पायाच्या खुंटातून रक्त येई, त्याला चक्कर येई, तरी डॉक्टरकडे जायचे तो टाळत राही. १ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे गावाजवळ खोकला आणि छातीतल्या कळांनी त्याला थांबावे लागले. कर्करोग फुप्फुसांत पोचला होता. तो धावण्याने पसरला असे नव्हे. पण कळ आली तेव्हा तो थांबला आणि डॉक्टरकडे गेला. एवढ्या जिद्दीच्या माणसालाही थांबावे लागले, आणि कॅनडाने त्याला हरलेला म्हटले नाही. २८ जून १९८१ रोजी तो वारला, तेव्हा तेवीस वर्षांचाही नव्हता. त्याच्या नावाने आजही देशोदेशी लोक धावतात आणि कर्करोगाच्या संशोधनाला पैसा देतात.

आता पत्र लिहिणाऱ्या ताईंना आमचे उत्तर.

ताई, मुलाला एकदम अडवू नका. चार मॅरेथॉन पुऱ्या करणारा मुलगा उनाड नसतो. पण 'हो' म्हणण्याआधी काही गोष्टी त्याच्याकडून कबूल करून घ्या.

सर्वांत आधी हृदयाची तपासणी. वडील पन्नाशीत हृदयविकाराने गेले, ही लपवायची नव्हे, डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायची गोष्ट आहे. महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात जाऊन रक्तदाब, साखर, चरबी यांची तपासणी आणि हृदयाचा आलेख करून घ्यावा. डॉक्टरांनी सांगितले तर चालण्याच्या पट्ट्यावरची तपासणीही करावी. डॉक्टर 'नको' म्हणाले, तर तिथे विषय संपला. हट्ट चालणार नाही.

मग सराव. एका दिवसात लांब धावण्याचा सराव पुरेसा नाही, थकलेल्या पायांनी धावण्याचा सराव हवा. लांब पल्ल्याचे धावपटू यासाठी शनिवार-रविवार जोडून धावतात. पहिल्यांदा १५ आणि १०, मग २० आणि १५, पुढे काही महिन्यांनी ३० आणि २५. मध्ये हलके आठवडे टाकायचे. शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करून पाय ताजे ठेवायचे. ज्याला एवढा वेळ नाही, त्याने हा बेत पुढच्या वर्षावर ढकलावा.

पहिल्या दिवशी हात राखून धावावे. घड्याळाशी भांडू नये. सुरुवातीपासूनच काही मिनिटे धावणे आणि एखादे मिनिट चालणे, अशी पद्धत अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी हजारो हौशी लोकांना शिकवली. चालण्यात कमीपणा नाही. पहिल्या दिवशी वाचवलेली ताकद दुसऱ्या दिवशी कामी येते.

शर्यत संपताच तासाभरात खायला सुरुवात करावी. त्यासाठी महागडी पावडर लागत नाही. केळी, गूळ-शेंगदाणे, दोन उकडलेली अंडी, दुपारी भरपूर वरणभात, संध्याकाळी पुन्हा भात आणि रताळे. पाण्यात लिंबू, मीठ, साखर. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. नुसते पाणी ढोसणे हेही घातक आहे. २००२ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये धावून आलेल्या ४८८ जणांचे रक्त तपासले, तेव्हा शंभरात तेरा जणांच्या रक्तातले मीठ प्रमाणाबाहेर उतरलेले निघाले. त्याने माणूस भ्रमतो, बेशुद्ध पडतो, दगावूही शकतो.

दुखण्याच्या गोळ्या खाऊन दुसऱ्या दिवशी धावणे, हे तर मुळीच करू नये. अंगातले पाणी आटलेले असताना अशा गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. लघवी काळ्या चहासारखी झाली, छातीत दुखले, भोवळ आली, बोलणे अडखळू लागले, हाडाच्या एकाच जागी टोचू लागले किंवा पाय लंगडू लागला, तर जिथे असेल तिथे थांबावे आणि दवाखाना गाठावा. हे थांबणे शुक्रवारी रात्रीच आईसमोर ठरवून ठेवावे. कारण तिसाव्या किलोमीटरला धावपटूचे डोके धड निर्णय घेत नाही.

पैशाचेही बोलू. दोन शर्यतींची फी, दोन गावांचा प्रवास, मुक्काम. यासाठी उसने काढू नये, पतपेढीचा हप्ता चुकवू नये. टेरी फॉक्सने कोणत्या शर्यतीची फी भरली होती? त्याने रस्ता धरला. आपल्या मैदानाला मोजून फेऱ्या मारल्या तरी ४२ किलोमीटर तेच भरतात. दोस्त मंडळी पाणी घेऊन उभी राहिली की झाले. बूट मात्र धड असावेत, आणि ते त्या दिवशी नवेकोरे नसावेत. मांड्या आणि काखा घासून सोलवटतात, तिथे व्हॅसलीन लावावे. मोजे दोन्ही दिवसांचे वेगळे ठेवावेत.

आणि चिरंजीव, तुम्हालाही एक शब्द. पहाटे चारला उठून तुम्हाला चहा कोण देते? घामाचे कपडे कोण धुते? तुमच्या शनिवारच्या धावेपायी घरातले पाणी भरायचे काम कोणावर पडते? त्याची परतफेड करा. घरातल्या बहिणीला, बायकोला धावावेसे वाटले, तर त्या पहाटे चहा तुम्ही करा. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन सुरू व्हायला १९८४ साल उजाडले. आपल्या घरात तरी तेवढा उशीर नको.

शेवटी, कामाचा हिशेब. धंदेवाईक धावपटू सोमवारी झोपून राहू शकतो. हौशी धावपटूला सोमवारी हजेरी असते. म्हणून आमचे सांगणे असे की, दोन दिवस धावायचे तर रजा तीन दिवसांची काढा. सोमवार आधीच मंजूर करून घ्या. पगार कापला जाणार असेल, तर तेवढे पैसे दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून ठेवा. शनिवारी लोक टाळ्या वाजवतील, रविवारी पाय साथ देतील किंवा न देतील. पण मंगळवारी सकाळी जो आपल्या पायांनी जिना उतरून वेळेवर कामावर पोचला, त्याच्या दोन्ही मॅरेथॉन पुऱ्या झाल्या असे आम्ही मानू.