हात सावरला, पण मेंदू सावरला का?

पक्षाघाताचा रुग्ण घरी जाताना आपल्याकडे बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : हातपाय चालतात ना? रायपूरच्या भनपुरीसारख्या औद्योगिक वसाहतीत या प्रश्नाच्या उत्तरावर माणसाचे पुन्हा कामावर जाणे ठरते. पण यंत्रासमोर उभ्या राहणाऱ्या कामगाराला बोटांच्या ताकदीइतकीच अवधानाचीही गरज असते, आणि अवधान डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच मेंदूलहरींच्या आलेखाचा, म्हणजे ईईजीचा, पक्षाघातानंतरच्या तपासणीत नियमित वापर व्हावा, असे मला वाटते.

आज पक्षाघाताची तीव्रता जगभर ‘एनआयएचएसएस’ या मापनश्रेणीने मोजतात. ती उपयुक्त आहे, काही मिनिटांत पूर्ण होते. मात्र तिच्या 42 गुणांपैकी 7 गुण थेट भाषेशी निगडित आहेत, तर शरीराच्या किंवा भोवतालच्या एका बाजूचे भान हरपण्याला जेमतेम 2. भाषेची केंद्रे बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असतात. त्यामुळे उजव्या मेंदूला तेवढीच इजा झाली तरी गुण कमी पडतात आणि आजार सौम्य भासतो. डावीकडून येणारी ट्रॉली ज्याच्या जाणिवेतच येत नाही, अशा माणसाला आपण ‘सौम्य’ ठरवून कामावर पाठवू शकतो.

बोधनक्षमतेच्या चाचण्यांची अडचण वेगळी आहे. ‘मोका’ चाचणीत घड्याळ काढायचे असते, घनाकृती उतरवायची असते. बारा वर्षे वा त्याहून कमी शिक्षण झालेल्यांना त्यात एक गुण वाढवून मिळतो. ज्याच्या हाती पेन्सिल क्वचितच आली, त्याचे अंतर एका गुणाने कसे भरून निघावे? निरक्षरांसाठी निराळी आवृत्ती आहे, पण तिलाही बोलीभाषेचा आणि सरावाचा प्रश्न उरतोच.

जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या मेंदूलहरी प्रथम नोंदवल्या आणि 1929 मध्ये ते काम प्रसिद्ध केले. या लहरींचे रक्तपुरवठ्याशी निकटचे नाते आहे. मेंदूच्या 100 ग्रॅम ऊतीला मिनिटाला साधारण 50 मिलिलिटर रक्त मिळते. ते 25 ते 30 पर्यंत उतरले की आधी वेगवान लहरी क्षीण होतात, मग संथ लहरी वाढतात. पेशी मरू लागतात त्या साधारणतः 10 च्या खाली. म्हणजे पेशी जिवंत असतानाच आलेख बोलू लागतो. सेकंदाला 4 पेक्षा कमी आवर्तनांच्या डेल्टा लहरी आणि 8 ते 13 आवर्तनांच्या अल्फा लहरी यांचे गुणोत्तर, तसेच डाव्या-उजव्या अर्धगोलांतील विषमतेचा निर्देशांक, ही दोन मापे त्यातून काढता येतात. विषमता मोजताना भाषा कोणत्या बाजूला आहे, याने काहीच फरक पडत नाही.

बोधनासाठी ‘पी 300’ ही लहर आहे. एकसारख्या आवाजांच्या मालिकेत मधूनच वेगळा आवाज येतो, रुग्णाने तेवढेच मनात मोजायचे. तो आवाज आल्यापासून सुमारे 300 मिलिसेकंदांनी आलेखात उंचवटा उमटतो. तो उशिरा किंवा खुजा उमटला, तर अवधान मंदावल्याची शंका घेता येते. इथे अक्षरओळख लागत नाही.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. रक्तस्राव आहे की गुठळी, हे ईईजी सांगू शकत नाही. ते सीटी स्कॅनच सांगतो, आणि गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यायचे असल्याने ईईजीसाठी स्कॅन थांबवणे हा अक्षम्य प्रकार ठरेल. मेंदूच्या खोल भागातील लहान इजा असूनही आलेख सामान्य दिसू शकतो. झोप, वय, गुंगीची औषधे, पूर्वीचा झटका हे सारे लहरी बदलतात. केवळ आलेखावरून कोणाला कामासाठी अपात्र ठरवणे हा तर नवा अन्याय होईल. म्हणून ईईजीची जागा नंतरची आहे : रुग्ण स्थिरावल्यावर एकदा, आणि कामावर परतण्यापूर्वी पुन्हा. तीही डॉक्टरांच्या तपासणीच्या जोडीला, तिच्याऐवजी नव्हे.

यासाठी आधी हवेत आपल्या माणसांचे सामान्य आकडे : वयानुसार, शिक्षणानुसार, पाळीच्या कामानुसार. रायपुरात एम्स आहे, राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा विभाग आहे, आणि त्याच शहरात भनपुरीचे कामगारही आहेत. नागपूर, पुणे, मुंबईतही अशी जोडी जुळू शकते. विद्यार्थी मित्रांनो, परदेशी माहितीसंचावर आणखी एक संगणकीय प्रारूप चालवून अचूकतेची टक्केवारी वाढवण्यापेक्षा निरोगी कामगारांचे शंभर आलेख संमतीने, काळजीपूर्वक नोंदवणे अधिक मोलाचे आहे. कारण सामान्य काय हेच ठाऊक नसेल, तर बिघाड कशाच्या तुलनेत मोजणार?