विश्लेषण : दारू सोडवण्यासाठी फसवून केंद्रात नेणे का चुकते?

‘पोट दुखतंय ना? चल, मोठ्या डॉक्टरांना दाखवून येऊ,’ असे सांगून गाडीत बसवायचे आणि गाडी थेट व्यसनमुक्ती केंद्राच्या दारात उभी करायची. भाऊ, मेहुणा आणि गल्लीतले दोन धट्टेकट्टे मित्र मिळून अनेक घरांत हे काम उरकतात. वर्षानुवर्षे दारूपायी पिचलेल्या घराला त्यासाठी दोष देणे अवघड आहे. तरीही हा मार्ग चुकीचा आहे, आणि त्याचे पहिले कारण वैद्यकीय आहे.

पहिले चार दिवस धोक्याचे का?

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम थांबली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांतच फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना नसलेली माणसे दिसू लागतात, आपण कुठे आहोत हे कळेनासे होते. या अवस्थेला ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. म्हणजे ‘दोन दिवस कोंडून ठेवा, आपोआप उतरेल’ हा घरगुती सल्ला घातक आहे.

औषधांचा डोस ठरवण्यासाठी डॉक्टर विचारतात : रोज किती पिता, शेवटची कधी प्यायलात, झोपेच्या गोळ्या घेता का, आधी फिट आली होती का? यातले बरेचसे फक्त पिणाऱ्यालाच ठाऊक असते. ज्याला तासाभरापूर्वी फसवले, तो खरे कशाला सांगेल?

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थांनाही लागू होतो. स्वतःहून दाखल झालेला प्रौढ रुग्ण घरी जाण्याची मागणी करू शकतो. ठरावीक कारणांसाठीच त्याला २४ तास थांबवता येते. संमतीविना दाखल करण्याची वाट कायद्यात आहे, पण ती अरुंद आहे. स्वतःला किंवा इतरांना धोका असावा लागतो, अथवा स्वतःची काळजी घेता न आल्याने स्वतःला इजा होण्याचा धोका असावा लागतो. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते आणि त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच हवा. सुरुवातीची मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. मेहुण्याची सही आणि आगाऊ भरलेले पैसे यात कुठेच बसत नाहीत.

अर्थात, सगळा दोष नातेवाइकांच्या माथी मारणे सोपे आहे. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळाला होता. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर घरचे जे केंद्र सापडेल ते गाठतात आणि ‘महिन्यात सुटेल ना?’ एवढेच विचारतात. त्याऐवजी विचारायला हवे की, रात्री दोन वाजता फिट आली तर डॉक्टर कोण?

मग समजावायचे कधी? प्यायल्यावर तर नाहीच. सकाळी, शुद्धीत असताना आणि शक्यतो ज्याचे तो ऐकतो अशा एकाच माणसाने. पहिल्या बैठकीत तो बहुधा ‘नाही’ म्हणतो. घरच्यांनी मात्र त्याच्या होकारासाठी थांबायची गरज नाही. १४४४६ या सरकारी मोफत हेल्पलाइनवर पत्नी, आई किंवा मित्रही फोन करून सल्ला घेऊ शकतात.