बांधावरची कांडवेल तण नव्हे



तोड संपली की पाचट पेटवायचे, हे आपल्याकडचे जुने खूळ. पाचटाबद्दल आम्ही पुष्कळदा सांगितले आहे, आज तक्रार बांधाची आहे. पाचटाचा जाळ बांधावर चढतो. त्यातून जे वाचते ते तणनाशकाने जाते, आणि उरलासुरला बांध शेजारी दर साली नांगराच्या एका तासाने कोरत नेतो. यात कांडवेल मुकाट्याने चालली आहे, हे आम्हांस पटत नाही.

कांडवेल म्हणजे हाडसांधी. चौधारी हिरवे कांडे, पेरापेराला आवळलेले. पान थोडेच, तेही लवकर गळते. म्हणून कित्येकजण तिला निवडुंगच समजतात. पण ही द्राक्षाच्या कुळातली. खात्री करायची तर कोवळे पेर पाहा. एका अंगाला पान, त्याच्या समोर ताणा, ज्याला द्राक्षवाले बाळी म्हणतात. वाटाण्याएवढी लाल फळेही धरतात, ती मात्र खायची नव्हेत.

पाण्याच्या बाबतीत तर ही उसाच्या अगदी उलट. दिवसा उन्हात आपली रंध्रे मिटून बसते आणि हवा रात्री आत घेते, त्यामुळे ओल उडून जात नाही. उसाला एवढे शिकवता आले असते, तर पाटकऱ्याच्या मागे हिंडायची पाळी कोणावर आली नसती!

काहीजण म्हणतात, बांधावर काही ठेवले की उंदीर होतात. उंदरांचा त्रास खरा आहे, नाही म्हणत नाही. पण त्यासाठी बिळे मोडा, गवत आणि गाजरगवत खुरप्याने काढा. कुंपणावर चढलेल्या वेलीने कोणाचा ऊस खाल्ला?

फवारणीचे तर जपूनच करा. टू-फोर-डी हे रुंद पानाच्या तणावरचे औषध. ऊस गवताच्या जातीचा म्हणून वाचतो. द्राक्ष या औषधाला फार हळवे. वाऱ्यावर नुसते तुषार गेले तरी शेजाऱ्याच्या बागेची पाने आखडतात, आणि मग भांडण पंचांपुढे. वारा पडल्याशिवाय पंप पाठीला लावू नका. बागेला लागून असलेल्या सरीत तर हे औषध नकोच, तिथे खुरपणीच करा.

औषधाविषयी दोन शब्द. संस्कृतात हिला अस्थिसंहार म्हणतात, हाडावर हिचा लेप लावायची चाल जुनी आहे, आणि आता ही कॅप्सूलमध्ये भरून विकली जाते. तरी मोडलेले हाड आधी डॉक्टरांकडून बसवून घ्या. ते काम वेलीचे नाही. कांडे हाताळल्यावर काहींना खाज सुटते, पोरांना तोंडात घालू देऊ नये.

ज्यांच्या बांधावरून गेली असेल त्यांनी पावसाच्या तोंडी दोन-तीन पेरांची कांडी कुंपणाच्या बुडाशी खोचावी. उसासारखीच डोळ्यावर फुटते, बेणेप्रक्रिया लागत नाही. फक्त बांध कोणाचा, हे शेजाऱ्याशी आधी बोलून घ्यावे.

– ऊस विकास अधिकारी