कारखान्याला अंतराची अट, मग शेतकऱ्याला हिशेब का नको?

जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आले आणि घनसावंगी तालुक्यात कापसाच्या रानात ऊस उभा राहिला. ऊस लावायचा की नाही, हे तुम्ही ठरवता. तो कुठे घालायचा, हे मात्र निम्मे कायद्यानेच ठरते.

दोन साखर कारखान्यांत किमान १५ किलोमीटर हवाई अंतर असावे, अशी अट केंद्राने २००६ मध्ये ऊस नियंत्रण आदेशात घातली. महाराष्ट्राने ते अंतर २५ किलोमीटर केले. कारखाने खेटून उभे राहिले तर कुणालाच पुरेसा ऊस मिळणार नाही आणि सभासदांचे भागभांडवल बुडेल, असे त्याचे कारण सांगतात. त्यात तथ्य आहे. पण गिऱ्हाईक एकच असले की मर्जीही त्याचीच चालते. म्हणूनच रंगराजन समितीने २०१२ मध्ये ही अट काढून टाकण्याची शिफारस केली होती.

२०२१-२२ चा हंगाम आठवा. मे उजाडला तरी जालना-बीडकडचा ऊस फडातच होता. तेव्हा सरकारने उतारा घटल्यापोटी कारखान्यांना टनामागे २०० रुपये अनुदान जाहीर केले. उभ्या उसाचे वजन घटले, तो तोटा मात्र शेतकऱ्याच्याच माथी बसला.

कायदा कारखान्याचे क्षेत्र राखतो, तर त्याच आदेशातली तुमची बाजूही तुम्हाला पाठ हवी. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी मिळाली पाहिजे. उशीर झाला तर १५ टक्के व्याज. एफआरपीचे तुकडे पाडणारा राज्याचा २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला.

आता आकडा बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये दर ठरला. उतारा ०.१ टक्क्याने वर-खाली झाला की टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढतात किंवा कमी होतात. उतारा कितीही घसरला तरी दर ३,२९० रुपये ५० पैशांच्या खाली जात नाही. म्हणजे उतारा अर्धा टक्का कमी दाखवला, तर टनामागे १७३ रुपये गेले. एकरी ४० टन धरले तर एकरामागे ६,९२० रुपये! तोडणी-वाहतूक वजा होते, ती यातूनच.

मांजरीची वसंतदादा साखर संस्था उसाच्या जातींवर आणि लागवडीवर संशोधन करते, शेतकऱ्यांना प्रशिक्षणही देते. बेणे कोणते घ्यावे, हे आपण शिकलो. बिल कसे वाचावे, हेही शिकायला हवे. हंगामाआधी ग्रामसभेत कारखान्याचा मागचा उतारा, तोडणी-वाहतुकीचा खर्च आणि निघणारा दर ग्रामसेवकांनी वाचून दाखवावा. थकबाकी राहिलीच, तर साखर आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. आयुक्तांनी वसुलीचा आदेश काढला की तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तहसीलला येतो आणि जमीन महसुलाप्रमाणे वसुली होते. तलाठी भाऊसाहेबांनाही हे ठाऊक असावे.

शेजारी दुसरा कारखाना येईल तेव्हा येईल. तोवर कारखान्यावरचा धाक एकच: हिशेब मागणारा शेतकरी.